देवगांडूळ : बागेच्या मातीतील एक निरुपद्रवी प्राणी

मृगाचा पाऊस पडून जमीन पुरती भिजली, की कोकणात व घाटमाथ्यावर झाडांची आळी खणताना, शेणखताचा ढीग उपसताना अथवा कुजलेला ओंडका उलथताना, गांडुळासारखा दिसणारा परंतु त्याहून बराच जाड असा एक प्राणी कधी कधी बाहेर पडतो. कोणी त्यास सापाचे पिल्लू समजतात, कोणी मांडूळ म्हणतात. आणि बहुधा तो फावड्याच्या घावाखाली मरतो. हा प्राणी म्हणजे देवगांडूळ होय. तो साप नव्हे व गांडूळही नव्हे. बेडकाप्रमाणेच तो उभयचर वर्गातील आहे.

उभयचरांचे तीन गण आहेत. पहिला बिनशेपटीच्या बेडकांचा. दुसरा शेपटी व चार पाय असणाऱ्या सॅलमँडरांचा. आणि तिसरा पाय नसलेल्या देवगांडुळांचा. सॅलमँडर भारतात केवळ पूर्व हिमालय व ईशान्येकडील भागांत आढळतात. देवगांडुळे मात्र आपल्या सह्याद्रीत राहतात.

ओळख : देवगांडुळाची लांबी साधारणतः वीतभर ते दोन विती असते. अंग ओलसर व गुळगुळीत असून त्यावर कड्यांसारख्या आडव्या वळ्या असतात. गांडुळास कणा नसतो. देवगांडुळास पाठीचा कणा, जबडे व दात असतात. सापाच्या अंगावर कोरडे खवले स्पष्ट दिसतात, तसे ह्याच्या अंगावर दिसत नाहीत. डोळे अतिशय लहान व कातडीखाली झाकलेले असतात. नाकपुडी व डोळा यांच्या दरम्यान एक सूक्ष्म स्पर्शिका असते. तिच्या साहाय्याने अंधारात भक्ष्याचा माग लागतो.

राहणी व आहार : हा प्राणी आपले बहुतेक आयुष्य भुसभुशीत, ओल्या मातीत व पालापाचोळ्याखाली घालवितो. गांडुळे, वाळवी, मुंग्या व मातीतील अन्य लहान जीव हे त्याचे भक्ष्य. गांडुळेही खात असल्याने त्यास केवळ कीडभक्षक म्हणणे योग्य होणार नाही. परंतु पिकाची मुळे, कंद अथवा फळे तो खात नाही. माणसास त्याच्यापासून काही अपाय होत नाही.

प्रजनन : काही जातींची मादी ओढ्यालगतच्या ओल्या मातीत अंडी घालते व त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या पाण्यात वाढतात. दुसऱ्या काही जातींत अळीची अवस्था नसते. अंड्यांतून थेट पिले बाहेर येतात. रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले येथून इ. स. २००३ मध्ये वर्णिलेली एक जात तर पिलांनाच जन्म देते. ही गोष्ट इ. स. २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा आशियातील उभयचरांत अशा जननाची ती पहिलीच नोंद ठरली.

खंडाळ्याच्या एका जातीचे वर्णन टेलर या अमेरिकी शास्त्रज्ञाने इ. स. १९६० मध्ये केले. त्यानंतर आंबोली येथील जात इ. स. २००३ मध्ये व कोयना भागातील हुंबरळी येथील जात इ. स. २००४ मध्ये शास्त्रास ज्ञात झाली. आपल्या बांधावरील प्राण्यांचीही ओळख किती अलीकडची आहे, हे यावरून ध्यानी येईल.

बागायतदारांनी पुढील काळजी घ्यावी :

१. खणताना देवगांडूळ आढळल्यास मारू नये. हात ओले करून ते अलगद उचलावे व जवळच सावलीत, पालापाचोळ्याखाली ठेवावे. ओळख निःसंशय पटली नसेल, तर हात न लावता फावड्यावर मातीसह उचलावे.

२. ते विहिरीत किंवा ओढ्यात टाकू नये. पूर्ण वाढलेला प्राणी जमिनीत राहणारा आहे.

३. फवारणीचे पंप ओढ्यात धुऊ नयेत व उरलेले औषध पाण्याकाठी ओतू नये. उभयचरांची कातडी पातळ असून ती श्वसनाचेही काम करते. विषारी द्रव्ये तिच्यातून सहज अंगात शिरतात.

४. बागेतील पालापाचोळा जाळू नये. तो आळ्यांत पसरावा. त्यामुळे जमिनीची ओल टिकते, खत मिळते आणि ह्या प्राण्यास आसराही राहतो.

ज्या मातीत देवगांडूळ नांदते, ती माती ओलसर, सेंद्रिय द्रव्याने युक्त व जिवंत असते. अशी माती राखणे हे बागायतदाराच्याही हिताचे आहे.