परसातला पिंजरा: ग्रामपंचायतीचा दाखला कुठवर चालतो?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाकडे एका गटातून कर्जमागणी आली. रक्कम 30 हजार. कारण लिहिलं होतं, "परसात जाळीचा पिंजरा करून शोभेचे पक्षी पाळणे व विकणे." कल्पना वाईट नव्हती. ताईंचं परस मोठं, सावलीला आंबा, पाणी दारात. शहरातला एक माणूस पक्षी आणून देणार आणि पिल्लं वाढली की परत विकत घेणार, असं बोलणं झालेलं. त्याची यादी अर्जाला जोडली होती. वर लव्हबर्डच्या 10 जोड्या, आणि खाली "देशी पोपट, 6 नग".

मी विचारलं, "ताई, हे पोपट कुठले?" तर म्हणाल्या, "ते काही विचारू नका. तो म्हणतो, ग्रामपंचायतीचा दाखला काढून ठेवा, मग कोणी बोलत नाही."

इथंच बैठक तासभर थांबली. कारण निम्म्या जणींचा तोच समज होता, की गावात काही पाळायचं तर सरपंचांनी हो म्हटलं म्हणजे झालं. तसं नाही. पिंजऱ्यात कोणता पक्षी आहे हे ग्रामपंचायत ठरवत नाही. पिंजरा कुठे आहे आणि त्याचा गावाला त्रास होतो का, एवढंच तिच्या हातात आहे.

आधी पक्ष्याचं बघू. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. आपला हिरवा राघू, मोठा करण पोपट, मुनिया, रानातले तितर, असे आपल्याकडचे पक्षी त्या कायद्याखाली येतात. त्यांना धरणं, पिंजऱ्यात ठेवणं, विकणं, विकत घेणं, सगळंच गुन्हा. 2022 मध्ये कायद्यात बदल झाला, तो 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे, आणि दंडाची रक्कम वाढली. आता पोपटासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मोराची शिक्षा याहून जड. "आम्ही धरला नाही, विकत घेतला" हे उत्तर चालत नाही. सरपंचांच्या सहीचा कागद तर इथे कोरा कागदच. आणि माल जप्त झाला तरी गटाचा हप्ता थांबत नाही, हे आमच्या कोषाध्यक्षांनी लगेच सांगितलं.

मग लव्हबर्ड? आपण ज्यांना लव्हबर्ड म्हणतो ते बहुतेक वेळा बजरीगार असतात, मूळ ऑस्ट्रेलियातले. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. बजरीगार आणि कॉकाटील घरी हौसेनं पाळायला वन्यजीव कायद्याची आडकाठी नाही. मकाव, आफ्रिकन करडा पोपट असे महागडे परदेशी पक्षी असतील तर वनखात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, 2024 च्या नियमांप्रमाणे. आपल्यातली कोणी मकाव घेईल असं मला वाटत नाही, पण कोणी "सांभाळायला" आणून ठेवला तर नोंदीचा कागद आधी मागा.

पाळणं वेगळं आणि विकणं वेगळं. विकायचं म्हटलं की 2018 चे पाळीव प्राणी दुकानाचे नियम येतात. त्यात पिंजऱ्यातले पक्षीही धरले आहेत आणि विक्रीची जागा म्हणजे नुसतं दुकान नाही, आठवडी बाजारातली जागासुद्धा. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय हा धंदा करता येत नाही. हे त्या माणसानं ताईंना सांगितलंच नव्हतं. शिवाय पिंजरा इतका लहान नको की पक्ष्याला नीट हालचाल करता येणार नाही. तसा ठेवणं 1960 च्या क्रूरता प्रतिबंध कायद्यात गुन्हा आहे, मग पक्षी कुठलाही असो.

आता ग्रामपंचायत. चार-सहा कोंबड्यांच्या खुराड्याला आमच्या भागात कुठे परवाना मागितलेला मी पाहिला नाही. भांडण होतं ते जागेवरून आणि वासावरून. खुराडं वीतभर रस्त्यावर आलं, गटारीवर फळी टाकून पिंजरा ठेवला, की तक्रार होते. रस्त्यावरचं किंवा गावाच्या मोकळ्या जागेवरचं अतिक्रमण काढायचा अधिकार ग्रामपंचायतीला कलम 53 खाली आहे. म्हणून जाळीला पैसे घालण्याआधी नमुना 8 चा उतारा काढा आणि जागा आपल्याच नावावर, आपल्याच हद्दीत आहे का ते बघा. सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांना विचारा, उगाच नंतर घरात कटकट नको. विष्ठा रोज झाडून खड्ड्यात टाकली, वर माती-राख पसरली, तर वास येत नाही आणि परसबागेला खतही होतं. शेजारणीच्या न्हाणीघराच्या भिंतीला लागून पिंजरा बांधू नका, हा माझा सल्ला. नियम म्हणून नाही, अनुभव म्हणून. तुमचं गाव नगरपंचायतीत गेलं असेल तर तिथे नियम वेगळे असू शकतात, मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून घ्या.

आजाराच्या बाबतीत मात्र ग्रामपंचायतीचं दार आधी ठोठवायचं. 2009 चा कायदा सांगतो, की पक्ष्याला किंवा जनावराला अनुसूचीतला संसर्गजन्य रोग असल्याची शंका आली की मालकानं ते गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचं, आणि त्यांनी पशुवैद्यकांना. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिला. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या आणि आसपासच्या पाळीव पक्ष्यांनाही मारावं लागलं. अशा वेळी सरकार भरपाई देतं ती मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मरून गेलेल्यांची मिळत नाही. दोन-तीन कोंबड्या एकदम मेल्या तर गपचूप ओढ्यात टाकून देणारी बाई स्वतःचीच भरपाई घालवते, आणि शेजारणीची खुराडी धोक्यात घालते ते वेगळंच. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं धरू नका. पशुसखीला सांगा, 1962 ला फोन करा.

बैठकीत शेवटी एक जण हळूच बोलली, "आमच्या सासूबाईंचा राघू आहे हो, नऊ वर्षांचा. झाडावरून पडलेलं पिल्लू होतं." सगळ्या गप्प. त्याला सोडून द्यावं असं एकीनं सुचवलं, पण हातावर वाढलेला राघू दाणा शोधत नाही, मांजराला ओळखत नाही, दोन दिवसांत मरतो. वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करून त्यांच्या ताब्यात द्यायचा, असं ठरलं. फोन मी लावून दिला. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. वनरक्षक आले तेव्हा मात्र त्यांनीच पिंजरा पुसून, पेरूची फोड आत ठेवून दिला.

कर्जाचा अर्ज परत गेला आणि पंधरा दिवसांनी नव्यानं आला: परसातल्या कोंबड्या, खुराडं, जाळी, 18 हजार. नमुना 8 जोडलेला. तो मंजूर झाला. पक्ष्यांसाठी कर्जमागणी आली तर आता आम्ही तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घेतो: पक्षी कोणता, कोणाकडून घेतला, जागा कोणाच्या नावावर.