पाहुण्यांच्या गावात फी सांगताना

पोरी, नांदेडला इंटिरिअर डिझाइनची स्वतःच्या नावाची पाटी लावलीस, लातूरचीही कामं धरलीस, याचं तुझ्या आत्याला फार कौतुक आहे. पण आपल्याकडे गिऱ्हाईक आधी पाहुणा असतं, मग गिऱ्हाईक. कुणी साडूचा भाऊ, कुणी शाळेतल्या सरांचा मुलगा. इथे नियम करायचे ते माणूस तुटू नये म्हणून. तुझी भीड मला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून लिहून देते.

१. पहिल्या भेटीची फी फोनवरच सांग — चहा-पोहे झाल्यावर पैशाचं बोलायला जीभ वळत नाही. काम मिळालं तर ती रक्कम पुढच्या फीतून वजा कर, म्हणजे त्यांनाही जड जाणार नाही.

२. अ‍ॅडव्हान्स खात्यात आल्याशिवाय थ्रीडी पाठवू नकोस, समोर बसवून लॅपटॉपवर दाखव — व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेलं चित्र संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच मिस्त्रीच्या हातात असतं.

३. काय करणार ते तू लिहितेसच, काय करणार नाहीस तेही लिही — न लिहिलेली ओळच पुढे भांडते. पीओपी कुणाकडे, वायरिंग कुणाकडे, पडदे धरलेत का. आणि देवघर! ट्रॉलीच्या हँडलपर्यंत सगळं ठरतं आणि देवघर घरातल्या आजींना शेवटच्या आठवड्यात आठवतं, तेही दुसऱ्या दिशेला. पहिल्याच भेटीत आजींजवळ बस.

४. मतं घरातल्या सगळ्यांची ऐक, सही एकाचीच घे. ड्रॉइंगमधले दोन बदल फीतच, तिसऱ्यापासून वेगळे पैसे — आकडा आधी सांगितला की माणसं विचार करून बदल सांगतात.

५. फोनवर ठरलेलं त्याच संध्याकाळी दोन ओळींत लिहून पाठव — माणूस खोटा नसतो, आठवण कच्ची असते.

६. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांध आणि शेवटचा हप्ता वास्तुशांतीच्या आधी घे — पंगत उठली की वसुली बसली! शेतीवरचं घर असेल तर मोठा हप्ता सोयाबीनची रास झाल्यावरचा ठेव, त्यात कमीपणा नाही. पण भाव नाही म्हणून पोती थप्पीला राहिली, तर पुढचं काम थांबेल हेही लिहून ठेव.

७. पाहुण्याला सवलत दे, पण कोटेशनवर पूर्ण रक्कम लिहून खाली सवलत दाखव — नाहीतर पुढचा पाहुणा कमी केलेल्या आकड्यापासूनच बोलायला लागतो.

८. प्लाय, सनमायका, हार्डवेअरची बिलं थेट घरमालकाच्या नावाने होऊ देत, तू फक्त फी घे — मालाचे पैसे तुझ्या खात्यातून फिरले की उलाढाल उगाच फुगते. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी लागते, फीवर १८ टक्के; म्हणून कोटेशनवर ‘जीएसटी वेगळा’ हे आत्तापासून छापून घे. दुकानदाराच्या कमिशनबद्दल माझं मत ठाम आहे: घेत असशील तर घरमालकाला सांगून घे. बाजारपेठ लहान आहे, त्यांना दुकानातूनच कळतं.

९. उद्यम नोंदणी आजच कर, ऑनलाइन आहे आणि फुकट आहे, एजंटला पैसे मोजू नकोस — दवाखाने, क्लासेस, शोरूम यांची कामं घेशील तेव्हा हीच उपयोगी पडेल. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे काम पोचल्यावर पैसे १५ दिवसांत यायला हवेत. लेखी मुदत ठरली असेल तरी ती ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. हे धमकी म्हणून बोलायचं नाही. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि मुदत छापलेली असली की त्यांचा सीए स्वतःच आठवण करून देतो.

१०. कॉलम-बीमला हात लावायचा नाही, आणि भिंत पाडायची तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत आल्यावरच — हॉल मोठा दिसावा ही हौस प्रत्येकाला असते, वरचा भार कुणाला दिसत नसतो. आपला भाग किल्लारीच्या भूकंपाचा आहे गं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं झोपेतल्या माणसांवर आली. आज तीस वर्षांखालच्या घरमालकांनी ते फक्त ऐकलंय. बाकीच्या नियमांत थोडं इकडेतिकडे झालं तर चालेल, इथे सख्ख्या भावाचंही ऐकू नकोस. काम गेलं तर जाऊ दे.

११. कार्डावर ‘आर्किटेक्ट’ लिहू नकोस, कुणी कौतुकाने म्हटलं तरी दुरुस्त कर — १९७२ च्या कायद्याने ती पदवी कौन्सिलकडे नोंदणी असलेल्यांचीच आहे, आणि तुझं स्वतःचं काम काही कमी नाही.

१२. लातूरच्या साइटच्या फेऱ्या मोजून लिही, जास्तीच्या फेरीचे पैसे वेगळे — ‘जरा येऊन जा’ म्हणणाऱ्याला जाण्यायेण्यात गेलेला तुझा दिवस दिसत नाही. जूनच्या आत हॉल तयार हवा म्हणत क्लासवाले एप्रिलात येतील, त्यांचा घाईचा दर वेगळा ठेव.

१३. सुतार गावाकडचे सण सोडत नाहीत, म्हणून तारीख देण्याआधी त्यांनाच विचार — परराज्यातला मिस्त्री होळीला गेला की कधी परतेल हे तुझ्या हातात नसतं.

१४. ज्यांचं काम अर्ध्यावर आलंय त्यांना जुन्याच बोलीने पूर्ण करून दे, नवे नियम पुढच्या कोटेशनपासून — मधेच बदललेली बोली त्यांना फसवणूक वाटेल. मसुदा झाला की इकडे पाठव, सवलतीची ओळ मी आधी वाचणार आहे.