पहाटे फ्रीज बंद पडतो

प्रश्न : आमच्या ट्रॅव्हलरमध्ये झोपायची सोय, छोटा फ्रीज, पंखा केलाय. मागची 150 एएचची ट्यूब्युलर बॅटरी पहाटेच मान टाकते. लिथियम बसवावी का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : बसवा. पाणी घालायच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. ती उशाशी ठेवून झोपताय, हेच मला खटकलं. शिवाय ती निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे हाती 75 एएचच. 100 एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट 80 तरी देते, वजन पन्नासेक किलोंऐवजी बारा-तेरा. मात्र अल्टरनेटरला थेट जोडू नका. ती इतका करंट ओढते की तो जळू शकतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर हवाच, बॅटरीलगत फ्यूजही. गगनबावड्याच्या थंडीची काळजी नाही. लडाखला निघालात तर शून्याखाली चार्जिंग करू नका.