गॅरेजसाठी एआय चॅट टूल : बिल कुठे वाढतं, कुठे वाचतं

सकाळी दहाच्या सुमारास गॅरेजचा फोन सतत वाजत असतो आणि तेव्हाच मालक पिटमध्ये उतरलेला असतो. "गाडी झाली का?", "जनरल सर्व्हिसिंगला किती घेता?", "रविवारी चालू असता का?" हे प्रश्न दिवसभर फिरून फिरून येतात. ज्याचा फोन उचलला गेला नाही, तो पुढच्या चौकातल्या गॅरेजला फोन लावतो. एआय चॅट टूल विकायला येणारे बरोबर याच दुखण्यावर बोट ठेवतात, आणि दुखणं खरंच आहे. त्यामुळे असं टूल घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. पण चार-पाच माणसांचं गॅरेज चालवणाऱ्याच्या खिशातून महिन्याला तीन-चार हजार जाणार असतील, तर ते कशाकशाचे जातात हे पैसे भरण्याआधी त्याला कळायला हवं.

डेमोमध्ये सहसा दोन वेगळी कामं एकत्र दाखवतात. एक, ग्राहकाशी बोलणारं टूल : व्हॉट्सॲपवर उत्तर देणं, वेळ ठरवणं, गाडी तयार झाल्याचं कळवणं. दुसरं, मेकॅनिकच्या मदतीचं टूल : स्कॅनरवर आलेला कोड घालायचा आणि काय तपासायचं ते विचारायचं. या दोघांचे खर्च वेगळे, धोके वेगळे. दुसऱ्यासाठी गॅरेजचं खास पॅकेज घ्यायची गरज बहुतेकांना पडत नाही. आधी हे दोन हिशेब वेगळे करा आणि विक्रेत्यालाही वेगळे करून मागा.

फुकटात किती होतं

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप फुकट आहे. त्यात नव्या ग्राहकाला आपोआप जाणारा स्वागताचा मेसेज, गॅरेज बंद असतानाचा मेसेज, एका शॉर्टकटवर पूर्ण उत्तर टाकणारे क्विक रिप्लाय, 'एस्टिमेट दिलं', 'पार्टची वाट', 'गाडी तयार' अशी लेबलं आणि सर्व्हिसिंगच्या पॅकेजेसचा कॅटलॉग एवढं सगळं मिळतं. यात एआय काही नाही. पण वर दिलेल्या प्रश्नांपैकी दोन यातच सुटतात. ज्या गॅरेजने हे ॲप नीट वापरलेलं नाही, त्याने महिन्याच्या फीचं टूल घेण्याची घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मेकॅनिकच्या मदतीसाठी चॅटजीपीटी, जेमिनी यांच्या फुकट आवृत्त्या पुरतात. चॅटजीपीटीचा 'गो' प्लॅन भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये महिना ३९९ रुपयांना आला आणि ४ नोव्हेंबर २०२५ पासून नव्याने नोंदणी करणाऱ्यांना तो वर्षभर फुकट देण्याची योजना निघाली. जिओने जेमिनीचा आणि एअरटेलने पर्प्लेक्सिटीचा सशुल्क प्लॅन आपल्या ग्राहकांना ठरावीक मुदतीसाठी असाच दिला. अशी योजना चालू असेल तर घ्या, वापरा. मात्र मुदत संपण्याची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये घालून ठेवा, कारण कार्ड किंवा यूपीआय जोडलेलं असेल तर त्यानंतर पैसे आपोआप कापले जाऊ शकतात.

पैसे लागतात ते इथे

ग्राहकाशी स्वतः बोलणारा बॉट हवा असेल, तर फुकट ॲपवरून सहसा व्हॉट्सॲपच्या बिझनेस प्लॅटफॉर्मवर जावं लागतं. तिथे व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा मेसेजमागे पैसे घेते. १ जुलै २०२५ पासून संभाषणाऐवजी मेसेजवर आकारणी सुरू झाली. भारतात जाहिरातीच्या मेसेजला साधारण ऐंशी ते नव्वद पैसे, तर 'तुमची गाडी तयार आहे' अशा कामाच्या मेसेजला बारा-पंधरा पैशांच्या आसपास पडतात. ग्राहकाने स्वतःहून मेसेज केला की पुढचे चोवीस तास त्याला दिलेली उत्तरं फुकट असतात. या वेळात पाठवलेले कामाचे मेसेजही फुकट जातात. म्हणून गाडी जमा करून घेताना ग्राहकाकडून एक 'हाय' पाठवून घ्यायची सवय लावली, तर त्या दिवसाचं सगळं बोलणं बिनपैशाचं होतं.

हिशेब मांडून पाहू. महिन्याला दीडशे गाड्या येतात आणि प्रत्येक गाडीमागे तीन कामाचे मेसेज जातात : गाडी घेतली, एस्टिमेट, गाडी तयार. साडेचारशे मेसेज, पंधरा पैशांनी, म्हणजे साडेसदुसष्ट रुपये. जुन्या हजार ग्राहकांना पावसाळ्याआधी वायपर-ब्रेक तपासणीची ऑफर पाठवली, तर नव्वद पैशांनी नऊशे रुपये. म्हणजे मेटाचं बिल हजाराच्या आत. खरा आकडा मधल्या कंपनीच्या, म्हणजे टूल विकणाऱ्याच्या, भाड्याचा. तिचं सॉफ्टवेअर महिन्याला साधारण हजारापासून तीन हजारांपर्यंत घेतं. दोन हजार धरू. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी लावला की बेरीज जाते साडेतीन हजारांवर. तुम्ही नियमित जीएसटीत असाल तर कराचं क्रेडिट मिळतं, कॉम्पोझिशनमध्ये असाल तर मिळत नाही.

आता हेच उलट्या बाजूने पाहा. एका सर्व्हिसिंगमागे सगळा खर्च जाऊन तुमच्या हातात सातशे रुपये उरत असतील, तर या टूलमुळे महिन्याला पाच गाड्या जास्तीच्या यायला हव्यात, तेव्हा कुठे ते स्वतःचा खर्च भागवेल. येतील का? याचं उत्तर तुमच्याच फोनमध्ये आहे. एक महिनाभर रोज संध्याकाळी मिस्ड कॉल मोजा, त्यातले नवे नंबर किती, परत फोन केल्यावर आले किती, हे जॉब कार्डच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. महिन्याला चार-पाचच नवे नंबर निसटत असतील, तर टूलपेक्षा काउंटरवर फोन घेणारा पोरगा परवडेल. वीस-पंचवीस निसटत असतील, तर टूलचा विचार जरूर करा.

प्लॅनमध्ये आणखी एक कलम बारीक अक्षरांत असतं : एआयची 'क्रेडिट्स'. बॉटने दिलेलं उत्तर टोकनमध्ये, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांत, मोजतात, आणि देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात. नव्या मॉडेल्समध्ये हा फरक पुष्कळ कमी झाला. मे २०२४ मध्ये आलेल्या जीपीटी-४ओने मराठीची टोकनं आधीच्या जवळजवळ एक तृतीयांशावर आणली. पण तुमचा विक्रेता आत कोणतं मॉडेल वापरतो, हे त्यालाच विचारावं लागेल. 'महिन्याला हजार उत्तरं' असा प्लॅन आणि 'महिन्याला एवढी क्रेडिट्स' असा प्लॅन यांत मराठी गॅरेजने पहिला घ्यावा. व्हॉइस नोटचे पैसे वेगळे आहेत का, हेही त्याच वेळी विचारा, कारण आपले ग्राहक टाइप कमी करतात आणि बोलतात जास्त.

सगळ्यात महाग काम : दरपत्रक

विक्रेता याबद्दल बोलत नाही, पण सगळं यावरच अवलंबून आहे. बॉटला तुमच्या गॅरेजबद्दल काहीच माहीत नसतं. लेबर किती, कोणत्या गाड्या घेता, डिझेलचं काम करता का, इलेक्ट्रिक स्कूटरला हात लावता का, किती किलोमीटरपर्यंत टोइंग करता, हे सगळं त्याला लिहून द्यावं लागतं. बहुतेक गॅरेजमध्ये हे मालकाच्या डोक्यात असतं आणि ग्राहक पाहून थोडं मागेपुढे होतं. लिहिलेलं दरपत्रक नसलेल्या गॅरेजला कोणतंही टूल विकलं, तरी ते गोड बोलण्यापलीकडे काही करू शकणार नाही.

त्यामुळे आधी वीस-पंचवीस नेहमीची कामं कागदावर काढा : जनरल सर्व्हिसिंग, क्लच प्लेट, ब्रेक शू, सस्पेन्शनचे बुश, एसी गॅस, बॅटरी, अलाइनमेंट. प्रत्येकापुढे लेबर वेगळं आणि पार्ट वेगळा. पार्टमध्ये कंपनीचा आणि लोकल असे दोन रकाने. पुण्यातल्या नाना पेठेतून किंवा मुंबईत कुर्ल्याच्या बाजारातून आणलेल्या मालाचा भाव बदलत राहतो, म्हणून पार्टच्या भावापुढे तारीख टाका आणि बॉटला फक्त लेबर व 'पार्टचा अंदाज अमुक ते तमुक' एवढंच सांगू द्या. हे दरपत्रक तयार करायला फोरमन आणि मालक यांचे दोन-तीन रविवार जातील. खर्चाच्या अंदाजात ही मजुरीही धरा. टूल घेतलं नाही तरी हा कागद काउंटरवर लावता येईल, म्हणून यावर घालवलेला वेळ कधीच वाया जात नाही.

बॉटने काय बोलू नये

डिसेंबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका शेवरोले डीलरच्या वेबसाइटवरच्या बॉटला एका माणसाने बोलता बोलता एक डॉलरमध्ये नवी टाहो गाडी विकायला 'तयार' केलं. गाडी काही दिली गेली नाही, पण जगभर नाव झालं. एअर कॅनडाला मात्र पैसे भरावे लागले. बॉटने तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली, ग्राहकाने विश्वास ठेवला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने भरपाई द्यायला लावली. बॉट हा वेगळा कोणीतरी आहे, असं म्हणणं तिथे टिकलं नाही. आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या उणिवेची तक्रार गॅरेजवरच येईल, सॉफ्टवेअरवर नाही.

म्हणून तीन गोष्टींना टूलमध्ये कुलूप घालून घ्या. पक्का भाव सांगायचा नाही. वेळ पक्की द्यायची नाही, मालकाने 'हो' म्हटल्यावरच द्यायची. आणि ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग किंवा इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी असा शब्द आला की सल्ला न देता 'गाडी चालवू नका, गॅरेजला फोन करा' एवढंच सांगून बोलणं माणसाकडे द्यायचं. हे जमतं का, ते डेमोमध्ये स्वतः टाइप करून पाहा. "मिसिंग मारतेय" लिहिल्यावर त्याला गाडी चोरीला गेली असं वाटतं का? "चढाला दम नाही" कळतं का? इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी कळते का? दहा प्रश्न स्वतःच्या ग्राहकांच्या जुन्या चॅटमधून उचला, विक्रेत्याने दिलेले वापरू नका.

आणखी एक नियम लक्षात असू द्या. सगळ्या विषयांवर गप्पा मारणारे सर्वसाधारण एआय सहायक आपल्या बिझनेस प्लॅटफॉर्मवर चालवायला मेटाने १५ जानेवारी २०२६ पासून मनाईचा नियम केला. गॅरेजच्या कामापुरता बॉट चालतो. विक्रेता 'हा काहीही विचारलं तरी सांगतो' म्हणत असेल, तर ती त्याची जमेची बाजू नव्हे.

मेकॅनिकच्या टूलची परीक्षा वेगळी. त्याला पी ०१७१ हा कोड द्या. मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, एवढाच त्याचा अर्थ. लगेच ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणणारं टूल ग्राहकाचा खिसा कापेल. चांगलं उत्तर आधी व्हॅक्युम लीक, मळलेला एअरफ्लो सेन्सर, फ्युएल प्रेशर तपासायला सांगतं, आणि गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलंय का हे विचारतं. पी नंतर शून्य असलेले कोड साधारणपणे सगळ्या कंपन्यांना सारखे असतात, एक असलेले कंपनीचे स्वतःचे. या दुसऱ्या प्रकारच्या कोडवर टूल ठामपणे बोललं, तर कंपनीच्या मॅन्युअलशी पडताळल्याशिवाय पाना उचलू नका. टूलची माहिती किती जुनी आहे ते पाहायला क्लच प्लेटवरचा जीएसटी विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के आहे. २८ सांगितला, तर एस्टिमेट त्याच्याकडून काढून घेऊ नका.

निघताना

ग्राहकांचे नंबर, आरसीचे फोटो, विम्याची कागदपत्रं ही त्यांची वैयक्तिक माहिती आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. फुकट चॅटमध्ये आरसी किंवा आधारचा फोटो टाकायची सवय आत्ताच मोडा. कोड आणि मॉडेल पुरेसं आहे.

करार पाहताना आधी तीन महिन्यांचाच घ्या, वार्षिक सवलत कितीही मोठी असली तरी. मेटाकडचं बिझनेस खातं गॅरेजच्या नावावर उघडून घ्या, विक्रेत्याच्या नाही, म्हणजे कंपनी बदलली तरी जुना नंबर तुमच्याकडे राहतो. तोच नंबर फोनमधल्या ॲपवरही चालू ठेवता येईल का, आणि सगळी चॅट व ग्राहकांची यादी एक्सेल फाइलमध्ये काढून मिळेल का, ही उत्तरं ईमेलवर घ्या, तोंडी नको. बिल डॉलरमध्ये येणार असेल तर कार्डाचा परकीय चलनाचा अधिभार वर धरा. बंद करायचं ठरलं की बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन ऑटोपे स्वतः रद्द करा. नुसतं टूलमधलं खातं मिटवलं म्हणून पैसे जायचे थांबतील, असं धरून चालू नका.