जुन्या रेकॉर्डप्लेअरची नाडी

तुमच्यापैकी काहींच्या घरी माळ्यावर एखादा जुना रेकॉर्डप्लेअर धूळ खात पडला असेल. ‘बिघडला आहे’ एवढेच घरच्यांना आठवत असेल. असा यंत्रसंच पुष्कळदा थोड्या खर्चात पुन्हा गाऊ लागतो. मात्र त्यासाठी आधी हातात स्क्रूड्रायव्हर न घेता घड्याळ घ्यावे लागते. हे मी स्वतः एक चूक करून शिकलो.

काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याने अमेरिकेत वापरलेला रेकॉर्डप्लेअर येताना बरोबर आणला. तेथील वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर लावला. थाळी फिरू लागली, पण गाणे रेंगाळू लागले आणि गायिकेचा आवाज घोगरा झाला. पट्टा सैल पडला असणार, असे मी ठरवून टाकले. नवा पट्टा मागवून बसवला. काडीचाही फरक पडला नाही! शेजारचे पेटीवादक गृहस्थ ऐकत होते. त्यांनी पेटीवर सूर मिळवून पाहिला आणि म्हणाले, “सर, या बाई इतक्या खाली कधी गायल्याच नाहीत. काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या उतरल्या आहेत.”

तेव्हा मला मोजण्याची बुद्धी झाली. एल. पी. तबकडी मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवून मी फेरे मोजले. शंभर फेऱ्यांना १८० ऐवजी २१६ सेकंद लागले. २१६ भागिले १८० म्हणजे ६/५. आता उलगडा झाला. अमेरिकेतील विजेची वारंवारता ६० हर्ट्झ, आपली ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, वारंवारता बदलत नाही. त्या यंत्रातील मोटर समकालिक जातीची, म्हणजे वारंवारतेच्या तालावरच फिरणारी होती. पट्टा बिचारा निर्दोष होता! टर्नरकडून ६/५ पट व्यासाची (पट्ट्याची जाडी हिशेबात धरून) नवी पुली करून घेतली आणि बाई आपल्या पट्टीत गाऊ लागल्या.

वेगाला एवढे महत्त्व का?

तबकडीच्या खाचेत ध्वनीच्या लहरी कोरलेल्या असतात. सुईखालून दर सेकंदाला जितक्या लहरी सरकतील तितकी स्वराची वारंवारता. म्हणून वेग आणि स्वर समप्रमाणात बदलतात. पेटीच्या शेजारशेजारच्या दोन स्वरांत सुमारे ६ टक्क्यांचा फरक असतो. वेग कमी-जास्त झाला, तर सगळे गाणेच वर किंवा खाली सरकते. वेग फेऱ्यागणिक डळमळला, तर लांबवलेला स्वर थरथरतो.

एकच प्रश्न, तीन उत्तरे

मोटर वेगाने फिरते आणि थाळी सावकाश फिरवायची असते. शिवाय मोटरीची थरथर सुईपर्यंत पोहोचू द्यायची नसते. या प्रश्नाची तीन उत्तरे निघाली.

पहिले उत्तर म्हणजे रबरी चाक. मोटरीच्या दांड्यावरील पुली आणि थाळीची आतली कड यांच्यामध्ये रबरी कडेचे एक चाक दाबून बसवतात. समजा, मोटर मिनिटाला १५०० फेरे घेते आणि थाळीच्या कडेचा आतला व्यास २७० मिलिमीटर आहे. १५०० ला ३३ १/३ ने भागले की ४५ येतात. म्हणून पुलीचा व्यास २७० भागिले ४५, म्हणजे ६ मिलिमीटर हवा. मधल्या चाकाचा व्यास या हिशेबात कोठेच येत नाही! ते केवळ गती पुढे पोहोचवते. इंग्लंडमध्ये १९५४ साली निघालेले गॅरार्ड ३०१ हे या पद्धतीचे नावाजलेले यंत्र. त्याचा वेग बारीक जुळवण्यासाठी मोटरीबरोबर फिरणारी धातूची चकती चुंबकाच्या क्षेत्रात ठेवलेली असते. चकतीत निर्माण होणारे भोवरा-प्रवाह तिला मागे ओढतात. लेंझचा नियम येथे ब्रेकचे काम करतो. या पद्धतीत ओढ जोरकस असते, पण मोटरीची थरथरही रबरातून थाळीत शिरते.

दुसरे उत्तर, पट्टा. सावकाश फिरणारी मोटर आणि जड थाळी यांना लवचीक रबरी पट्ट्याने जोडतात. पट्टा स्प्रिंगसारखा ताणला जातो आणि थाळीचे जडत्व मोठे असते. त्यामुळे जलद हिसके वाटेतच विरतात. अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९६१ साली आणलेल्या यंत्रात तर थाळी व सुईची भुजा एकत्रितपणे स्प्रिंगांवर तोललेली होती.

तिसरे उत्तर, सरळ जोडणी. मध्ये काहीच नाही; मोटरीचा आसच थाळीचा आस. १९७० साली जपानच्या टेक्निक्स एसपी-१० ने ही पद्धत बाजारात आणली. येथे मोटरच मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते आणि इलेक्ट्रॉनिक मंडल तिचा वेग सतत तपासून चूक सुधारते.

दोषाचा ठेका

आता गंमत पाहा. प्रत्येक फिरत्या भागाचा स्वतःचा ठेका असतो. थाळीचा एक फेरा १.८ सेकंदांत होतो. स्वर दर १.८ सेकंदांनी डुलत असेल, तर दोष थाळीत किंवा तबकडीत, बहुधा मध्यापासून सरकलेल्या छिद्रात. वरील उदाहरणात मधले चाक ६० मिलिमीटरचे असेल, तर ते सेकंदाला २.५ फेरे घेईल. ‘धप्, धप्’ असा आवाज दर ०.४ सेकंदाने आला, तर त्या चाकाचे रबर एका जागी चपटे झाले आहे असे समजावे. बंद यंत्रात चाक पुलीला वर्षानुवर्षे दाबून राहिले की असे होते. मोटर सेकंदाला २५ फेरे घेते; तिचा दोष खालच्या पट्टीतील घरघर म्हणून ऐकू येतो. सरळ जोडणीच्या यंत्रात वेग कसलाही ठेका न धरता भरकटला, तर वेग जुळवण्याचा मळलेला रोधक किंवा वाळलेले धारित्र यांच्यावर संशय घ्यावा. वैद्य नाडी पाहतो, तसेच हे.

दोषी भाग कळला की दुरुस्ती सोपी होते. चपटे चाक लेथवर घासून पुन्हा गोल करता येते किंवा त्यावर नवे रबर चढवता येते. बेअरिंगमधील चिकट झालेले जुने तेल पुसून पातळ यंत्रतेलाचे थोडे थेंब द्यावेत. रबरावर व पट्ट्यावर मात्र तेलाचा थेंबही नको. आतील काम करताना प्लग भिंतीतून काढलेलाच हवा. धारित्रांत त्यानंतरही विद्युतभार उरतो. म्हणून विजेच्या जोडण्यांना जाणकार शिक्षक वा कारागीर यांच्याशिवाय हात लावू नये.

आणखी एक पथ्य. जे बदलाल ते पूर्ववत करता येईल असेच बदला. माझ्या त्या यंत्राची ६० हर्ट्झची जुनी पुली मी चिठ्ठी लिहून पाकिटात जपून ठेवली आहे.

हा सारा खटाटोप कशासाठी? १९०२ साली कोलकात्यात गोहरजान यांचे गाणे तबकडीवर मुद्रित झाले. त्या काळी तबकड्यांचा वेग सर्वत्र एकसारखा ठरलेला नव्हता. त्या पिढीतील गायकांचा स्वर ऐकायला तबकडीवाचून दुसरा साक्षीदार नाही. तो साक्षीदार खरे बोलेल की खोटे, हे थाळीच्या वेगावर ठरते.

करून पाहा

१. एका थाळीला शंभर फेऱ्यांना १७६ सेकंद लागले. वेग किती टक्क्यांनी जास्त आहे?

२. ५० हर्ट्झवरील निऑनचा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो. त्याच्या प्रकाशात ३३ १/३ वेगाने फिरणाऱ्या चकतीवरील रेघा स्थिर दिसण्यासाठी समान अंतरावर किती रेघा काढाव्यात? ७८ वेगासाठी किती?

उत्तरे: १. सुमारे २.३ टक्के. २. १८०, ७८ साठी उत्तर ७६.९ येते, म्हणून ७७. तेव्हा रेघा स्थिर दिसल्या, तरी खरा वेग ७७.९२ असतो!