नामकरण : परंपरा, अर्थ आणि विवेक

सव्वा महिना पूर्ण झाला की बाळाला प्रथम देवापुढे ठेवावे, ही आपल्याकडील जुनी रूढी आहे. त्यानुसार नवजात बालकास घेऊन श्रींच्या दर्शनास येणारी अनेक कुटुंबे कार्यालयात नावासंबंधी चौकशी करतात. अमुक अक्षरावरूनच नाव ठेवले पाहिजे काय? यादीत वाचलेल्या नावाचा दिलेला अर्थ खरा असतो काय? देवाचे नाव आता जुने वाटते, ते ठेवावे काय? हे प्रश्न सर्वांनाच पडत असल्याने त्यांविषयीची माहिती येथे एकत्र दिली आहे.

शास्त्र काय सांगते

नामकरण हा सोळा संस्कारांपैकी एक संस्कार होय. आश्वलायन गृह्यसूत्रानुसार नावाचा आरंभ ग, ज, द, ब यांसारख्या मृदू वर्णाने व्हावा, मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादा वर्ण असावा, मुलाच्या नावात सम व मुलीच्या नावात विषम अक्षरे असावीत. मुलीचे नाव उच्चारास सुलभ, स्पष्ट अर्थाचे, मंगल व दीर्घ स्वराने संपणारे असावे, असे मनुस्मृतीत म्हटले आहे. या नियमांचे सार एकच : नाव सहज उच्चारता यावे, कानास गोड लागावे आणि त्याचा अर्थ शुभ असावा.

पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘धर्मसिंधु’ ग्रंथात नावाचे चार प्रकार सांगितले आहेत : देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम व व्यावहारिक नाम. अक्षराच्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. सत्तावीस नक्षत्रे व प्रत्येकाचे चार चरण मिळून १०८ चरण होतात आणि प्रत्येक चरणास एक अक्षर नेमलेले आहे. अश्विनी नक्षत्राची अक्षरे चू, चे, चो, ला अशी आहेत. परंतु आर्द्रा नक्षत्रात ‘ङ’, हस्तात ‘ण’ आणि उत्तराभाद्रपदेत ‘ञ’ ही अक्षरेही येतात. या अक्षरांनी सुरू होणारे नाव कोणी ठेवीत नाही. नाक्षत्रनाम हे पत्रिकेसाठी व धर्मकृत्यांसाठी असते. हाक मारण्याचे, शाळेतील व व्यवहारातील नाव त्याच अक्षराने सुरू झाले पाहिजे असे बंधन नाही. अक्षर जुळावे म्हणून अर्थाकडे दुर्लक्ष करण्याचे कारण नाही.

देवाचे नाव का ठेवीत

श्रीमद्भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाची कथा आहे. अंतकाळी त्याने आपल्या धाकट्या पुत्रास, नारायणास हाक मारली आणि त्या नामोच्चाराने तो यमदूतांच्या हातून सुटला. घरात दिवसातून शंभर वेळा उच्चारले जाणारे नाव देवाचे असावे, म्हणजे संसार करता करता नामस्मरण घडते, हा आपल्या पूर्वजांचा विचार होता. बारशाला गोविंद, गोपाळ अशी नावे घेत बाळाला पाळण्याखालून व पाळण्यावरून देण्याची चाल आजही आहे, तिचे मर्म हेच.

मराठीने ही देवनामे आपल्या मायेने घडविली. विठ्ठलाचा विठोबा व विठू झाला, ज्ञानदेवांचे ज्ञानोबा झाले, खंडेरायाचा खंडू झाला. आपल्याच रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेले विनायक नरहरी भावे हे ‘विनोबा’ या नावाने जगास ज्ञात झाले. पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे १८४५ साली जन्मलेले आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांच्या नावातील ‘वासुदेव’ म्हणजे वसुदेवाचा पुत्र, श्रीकृष्ण.

याउलट देवानेच भक्ताचे नाव धारण केल्याचे उदाहरणही जवळच आहे. पनवेलहून पुढे अष्टविनायक यात्रेस जाणारे भाविक महडच्या वरदविनायकाचे व पालीच्या बल्लाळेश्वराचे दर्शन घेतात. बल्लाळ हा कल्याण शेठजींचा पुत्र. मुलगा गणेशभक्तीत रमतो म्हणून पित्याने त्याला झाडास बांधले व त्याच्या पूजेतील मूर्ती फेकून दिली. तेव्हा श्रीगणेश प्रकट झाले आणि बल्लाळाच्या नावानेच तेथे राहिले, अशी कथा आहे. अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा गणपती हा एकच.

अर्थ पाहूनच नाव ठेवावे

अलीकडे नावांच्या याद्या सर्वत्र मिळतात, परंतु त्यांत दिलेले अर्थ पारखून घ्यावे लागतात. ‘तृषा’ म्हणजे तहान. ‘अनय’ या शब्दाचा संस्कृत कोशातील अर्थ अनीती, दुर्दैव असा आहे. ‘शर्वरी’ म्हणजे रात्र. ‘कियारा’सारख्या नावांपुढे संस्कृत अर्थ छापलेला आढळतो, पण संस्कृत कोशात तो शब्द नाही. असे नाव आवडल्यास अवश्य ठेवावे, मात्र त्यास नसलेला अर्थ चिकटवू नये.

ऱ्हस्वदीर्घाकडेही लक्ष द्यावे. ‘दीनानाथ’ म्हणजे दीनांचा नाथ, तर ‘दिननाथ’ म्हणजे दिवसाचा स्वामी, सूर्य. ‘अनिल’ म्हणजे वारा, ‘अनल’ म्हणजे अग्नी. एका वेलांटीने वा एका मात्रेने अर्थ पालटतो.

मूल दगावू नये, त्यास दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, कचरू अशी नावे पूर्वी ठेवीत. नाव वरून रुक्ष असले तरी त्यामागे आईवडिलांची काळजी होती. परंतु ‘नकुशी’ या नावामागे काळजी नव्हती. मुलाची अपेक्षा असताना पुन्हा मुलगी झाली, म्हणून ती नकोशी. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. शाळेच्या हजेरीत रोज ‘मी नको आहे’ असेच जणू सांगावे लागणाऱ्या त्या मुलींनी स्वतःसाठी नवी नावे पसंत केली. शब्दाचे सामर्थ्य किती असते, हे समजण्यास याहून वेगळे उदाहरण नको. देवीपुढे हात जोडणाऱ्या कोणत्याही घरात कन्येस असे नाव मिळू नये.

नोंदणीविषयी

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते. त्या वेळी नाव ठरले नसल्यास ते एका वर्षाच्या आत विनाशुल्क नोंदविता येते. त्यामुळे घाई करू नये, परंतु विसरही पडू देऊ नये. बारशाचे नाव एक, दाखल्यावरील दुसरे आणि शाळेत तिसरे असे झाल्यास पुढे पारपत्र, वारसा अशा कामांत अडचणी येतात. मराठी व इंग्रजी लेखन घरात एकदाच ठरवून सर्वत्र तेच ठेवावे.

१ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केला आहे. हे कोणास नवीन वाटेल. पण महाराष्ट्रावर राज्य करणारा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी मातेच्या नावानेच ओळखला जातो. त्याची माता गौतमी बलश्री हिचा शिलालेख नाशिकच्या लेण्यांत आजही आहे. अर्जुनासही आपण कौंतेय म्हणतोच.

नाव हा बालकास मिळणारा पहिला अलंकार आहे. सोन्याचा दागिना मोडता येतो, नाव जन्मभर सोबत राहते. म्हणून ते मोठ्याने उच्चारून पाहावे, त्याचा अर्थ जाणत्या व्यक्तीस विचारावा किंवा चांगल्या शब्दकोशात पाहावा, आणि मग आत्याने ते बाळाच्या कानात सांगावे. मोठे झाल्यावर मुलाने ‘माझ्या नावाचा अर्थ काय?’ असे विचारले, तर आईवडिलांना ते आनंदाने सांगता यावे.

सर्व बालकांस श्रीकृपेने दीर्घायुष्य, आरोग्य व सद्बुद्धी लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.