चौकटीतली मांजरे

मांजर हा प्राणी सर्वांच्याच परिचयाचा आहे. नांदुऱ्यासारख्या कापसाच्या आणि ज्वारीच्या मुलखात तर तो घरचा राखणदारच होय. घरात धान्याची पोती आली की उंदीर आले, आणि उंदीर आले की मांजर हवेच. असे असूनही आपल्या भाषेने या राखणदाराला फारसा मान दिलेला दिसत नाही. ‘शिंक्याचे तुटले नि बोक्याचे फावले’ असे आपण म्हणतो. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराची आपण थट्टा करतो. घाबरलेल्या माणसाला ‘भिजलेले मांजर’ म्हणतो. पंचतंत्रातील मांजर ढोंगी तपस्वी आहे; आणि तमिळनाडूतील मामल्लपुरम येथे सातव्या शतकात कोरलेल्या प्रचंड शिल्पपटातही एक मांजर तपश्चर्येचा आव आणून उभे आहे व त्याच्या पायाशी भोळे उंदीर जमले आहेत! सारांश, आपल्याकडे मांजर हे बहुधा थट्टेचे धनी ठरले.

जपान या देशात मात्र मांजराचे नशीब निराळे निघाले. तेथेही ते आरंभी राखणदारच होते. रेशमाच्या किड्यांना उंदरांपासून वाचवण्यासाठी तेथील शेतकरी मांजरे पाळत. ज्यांच्याजवळ मांजर नसे, ते मांजराचे चित्र आणून घरात लावीत. चित्रातले मांजर पाहूनही उंदीर पळतील, अशी त्यांची भाबडी श्रद्धा होती. उंदीर पळाले की नाही हे ते उंदीरच जाणोत. परंतु मांजर चित्रात शिरले ते कायमचेच. आज जगभरची मुले ज्या जपानी चित्रकथा आवडीने वाचतात, त्यांत मांजरांचा मान फार मोठा आहे.

या चित्रकथांना जपानी भाषेत ‘मांगा’ असे म्हणतात. मांगा म्हणजे स्वच्छंदपणे, गमतीने काढलेली चित्रे. चित्रांतून हसवण्याची ही परंपरा तेथे जुनी आहे. क्योतो शहराच्या कोझान-जी मंदिराच्या मालकीच्या काही लांबच लांब गुंडाळ्या प्रसिद्ध आहेत. बाराव्या-तेराव्या शतकांतील या चित्रपटांवर ससे व बेडूक माणसांसारखे वागताना, कुस्त्या खेळताना दिसतात. त्यांवर एकही शब्द लिहिलेला नाही. तरी पाहणाऱ्याला हसू आल्यावाचून राहत नाही.

चित्रांतून गोष्ट सांगणे आपल्यालाही नवे नाही. अजिंठ्याच्या लेण्यांतील भिंतींवर जातककथा रंगवलेल्या आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील चित्रकथी एकामागून एक चित्र दाखवीत रामायण-महाभारतातील आख्याने गातात. सन १९९१ पासून ‘सकाळ’ या दैनिकातून चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’ने मराठी घरांना वर्षानुवर्षे हसवले, तेही चौकटींतूनच. म्हणून जपानी चित्रकथा हाती आली, तर ती अगदी परकी वाटण्याचे कारण नाही.

आता या मांजरांची ओळख करून घेऊ.

पहिले मांजर चित्रातले नसून शब्दांतले आहे. तरीही त्याला वगळून चालणार नाही. नात्सुमे सोसेकी (१८६७–१९१६) हे जपानचे थोर कादंबरीकार. ते पेशाने शिक्षक होते. सन १९०५ व १९०६ या वर्षांत त्यांनी एका मासिकातून ‘मी एक मांजर आहे’ या अर्थाच्या नावाची कादंबरी क्रमशः लिहिली. तिचे निवेदन एक मांजर करते. ते एका शाळामास्तरांच्या घरी राहते आणि मास्तरांच्या व त्यांच्या विद्वान मित्रांच्या फजित्या मोठ्या गंभीरपणे सांगते. मास्तर पुस्तक उघडतात आणि त्यावरच झोपी जातात, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. या मांजराला शेवटपर्यंत कोणी नावसुद्धा ठेवत नाही. परंतु इतरांना नावे ठेवण्यात ते मुळीच कमी पडत नाही! ज्याच्या हाती छडी, त्यालाच हसण्याची मुभा लेखकाने मांजराला दिली. लेखक स्वतःच शिक्षक असल्यामुळे हे हसणे त्याने आपल्यावरही ओढवून घेतले. सोसेकी यांच्या घरचे मांजर १९०८ मध्ये मेले, तेव्हा त्यांनी आपल्या स्नेह्यांना पत्रे पाठवून ती वार्ता कळवली होती.

दुसरी मांजरे चित्रकार उतागावा कुनियोशी यांची. ते १८६१ मध्ये निवर्तले. त्यांच्या चित्रशाळेत पुष्कळ मांजरे वावरत असत. त्या काळी एदो शहरापासून, म्हणजे आजच्या तोक्योपासून, क्योतोपर्यंतच्या राजमार्गावर त्रेपन्न मुक्काम होते. कुनियोशी यांनी १८५० च्या सुमारास प्रत्येक मुक्कामाच्या नावावर श्लेष साधून एकेक मांजर काढले. आपल्या लोहमार्गावरील मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या स्थानकांसाठी कोणी अशी मांजरे काढू म्हटले, तर मलकापूरचे मांजर मलई चाटताना दाखवावे लागेल!

पण याच चित्रकाराच्या मांजरांमागे एक गंभीर प्रसंगही आहे. सन १८४२ मध्ये तेथील शासनाने काटकसरीच्या व नीतीच्या नावाखाली कडक हुकूम काढले. लोकांच्या आवडत्या नटांची चित्रे छापण्यास बंदी झाली. चित्रकारांच्या पोटावर पाय आला. तेव्हा कुनियोशी यांनी मांजरे काढली. मात्र त्या मांजरांचे चेहरे त्या त्या नटांसारखे होते! पाहणाऱ्याने नट ओळखावा आणि अधिकाऱ्याने विचारले तर सांगावे, ‘महाराज, ही तर मांजरे!’ जे माणसाच्या तोंडून बोलता आले नाही, ते मांजराच्या तोंडून बोलले गेले. हसणे ही नेहमीच पोरकट गोष्ट नसते. दुबळ्याच्या हाती कधी कधी तेवढेच एक शस्त्र असते.

तिसरे मांजर तुमच्या ओळखीचे आहे. निळे, गोल, कानांवाचूनचे आणि पोटावर पिशवी असलेले. होय, तेच ते डोरेमॉन! सन २००५ पासून ते दूरचित्रवाणीवरून हिंदीत बोलू लागले आणि आपल्याकडील घराघरांत पोहोचले. तथापि त्याचा जन्म कागदावर झालेला आहे. फुजिको फुजिओ या जोडनावाने दोन बालमित्र चित्रकथा लिहीत असत. त्यांपैकी हिरोशी फुजिमोतो (१९३३–१९९६) हे डोरेमॉनचे जनक. नवी कथा देण्याची मुदत जवळ आली, तरी त्यांना काही सुचेना. कल्पना सुचवणारे एखादे यंत्र असते तर किती बरे झाले असते, असे त्यांना वाटू लागले. अशात शेजारी मांजरांचे भांडण ऐकू आले आणि मुलीच्या बाहुलीला पाय अडखळला. ती बाहुली कितीही ढकलली तरी पुन्हा उभी राहणारी होती. मांजर, बाहुली आणि यंत्र यांची सांगड बसली आणि डोरेमॉन जन्मला, अशी हकीकत त्यांनी स्वतःच एका चित्रकथेत रंगवली आहे. निरनिराळ्या इयत्तांच्या मुलांसाठी निघणाऱ्या मासिकांतून, जानेवारी १९७० च्या अंकांपासून, ही कथा सुरू झाली.

डोरेमॉन हे बाविसाव्या शतकातून आलेले यंत्र-मांजर आहे. त्याचे कान उंदराने कुरतडले, म्हणून मांजर असूनही ते उंदराला भिते. नोबिता या रडक्या व अभ्यासात मागे पडलेल्या मुलाच्या मदतीला त्याच्याच खापरपणतूने ते धाडलेले आहे. नोबिता अडचणीत सापडला की डोरेमॉन पोटाच्या पिशवीतून एखादे अजब साधन काढून देते. परंतु पुढे काय होते, हे नीट आठवा. नोबिता त्या साधनाचा लोभाने वापर करतो आणि बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा मोठ्या संकटात सापडतो. साधन कितीही मोठे असले तरी शहाणपण उसने मिळत नाही, हा धडा लेखक एकाही उपदेशाच्या शब्दाशिवाय देऊन जातो. जपानच्या परराष्ट्र खात्याने २००८ मध्ये या मांजराला आपल्या चित्रपटकलेचा राजदूत नेमले, यावरून त्याची योग्यता कळेल.

मकोतो कोबायाशी यांचे मायकेल हे मांजर १९८४ मध्ये अवतरले. ते मात्र साधेसुधे, तांबूस पट्ट्यांचे मांजर आहे. उडी चुकून ते पडले की चक्क दोन पायांवर उभे राहून नाचू लागते. जणू आपण पडलोच नाही! फजिती झाल्यावर असे नाचणारे पुष्कळ लोक आपल्याही पाहण्यात असतात.

शेवटचे मांजर सर्वांत लहान आहे. कोनामी कानाता या लेखिकेने २००४ ते २०१५ पर्यंत ‘ची’ नावाच्या पिलाची कथा लिहिली. हे पिलू आईपासून चुकते. योहेई नावाचा एक लहान मुलगा व त्याची आई त्याला घरी आणतात. पण ज्या इमारतीत हे कुटुंब राहते, तेथे प्राणी पाळण्यास मनाई असते. आरंभी पिलू आईच्या आठवणीने व्याकुळ होते. पुढे खेळता खेळता ती आठवण हळूहळू पुसट होत जाते. वाचणारा एका डोळ्याने हसतो आणि दुसऱ्या डोळ्याने रडतो. नियम मोडून पिलू लपवावे, की त्याला दूर करावे, हा त्या कुटुंबापुढचा पेच लहान नाही. अखेर ते दुसऱ्या, प्राण्यांना मज्जाव नसलेल्या जागी राहावयास जातात. ज्या जिवाला आपण घरात घेतले त्याची जबाबदारी आपणावर आली, हे तत्त्व त्या कुटुंबाने ओळखले.

आता या चित्रकथा वाचाव्या कशा, तेही पाहू. मूळ जपानी पुस्तक आपल्या पुस्तकाच्या उलट बाजूने उघडते. पानावरील पहिली चौकट उजवीकडे, वरच्या कोपऱ्यात असते; तेथून डावीकडे वाचत जावयाचे. काही कथा अवघ्या चार चौकटींत संपतात. पहिल्या चौकटीत आरंभ, दुसरीत विस्तार, तिसरीत कलाटणी आणि चौथीत शेवट. समजा, पहिल्या चौकटीत शिंक्यावर दह्याचे मडके आहे. दुसरीत मांजर त्याकडे टक लावून बसले आहे. तिसरीत त्याने उडी मारली आणि मडके त्याच्याच डोक्यात अडकले. चौथीत मडके फुटले आहे आणि मांजर भिंतीकडे तोंड करून शांतपणे पंजा चाटत आहे. येथे शब्द एकही नाही. पण तिसऱ्या व चौथ्या चौकटीच्या मधल्या कोऱ्या जागेत काय घडले, ते तुम्ही मनाने पाहिलेच ना? ती कोरी जागा वाचकासाठी राखलेली असते. म्हणून चित्रकथा वाचणे म्हणजे नुसते पाहणे नव्हे. डोळ्यांना दिसते त्याहून अधिक मनाला पाहावे लागते.

जपानी चित्रकथांत ध्वनिदर्शक शब्दही फार. मांजर तेथे ‘न्यान’ असे ओरडते आणि लाडात आले की ‘गोरो गोरो’ करते. शांततेलाही त्यांच्याकडे ध्वनी आहे. तो ‘शीन’ असा लिहितात. आपली मराठी याबाबतीत मुळीच दरिद्री नाही. लपलप, गुरगुर, फिसकन, टुणकन, धपकन हे शब्द एका ओळीत मांडले, तरी मांजराचा सारा दिवस डोळ्यांपुढे उभा राहतो.

‘चित्रे पाहण्यात वेळ दवडू नका,’ असे वडील माणसे कधी कधी म्हणतात. त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. केवळ चित्रांवर वाढलेल्या वाचकाला पुढे लांब पल्ल्याचे गद्य जड जाते. पण ज्याने त्या कोऱ्या जागेत थांबून विचार केला, नोबिताची चूक ओळखली, चुकलेल्या पिलासाठी ज्याचे मन कळवळले, त्याचा वेळ वाया गेला असे कोण म्हणेल? चित्रकथा हा वाचनाचा उंबरठा आहे. उंबरठ्यावर बसून राहू नये हे खरे. परंतु तो ओलांडल्यावाचून घरात प्रवेशही होत नाही. आणि या उंबरठ्यावर एखादे मांजर अंग चोरून बसलेले असले, तर त्याला न हाकलता आत यावे, हेच बरे.

शब्दार्थ

आव आणणे – ढोंग करणे. भाबडी – भोळी. आख्यान – कथा. निवर्तणे – मरण पावणे. श्लेष – एकाच शब्दातून दोन अर्थ निघणे. पोटावर पाय येणे – उपजीविका बंद होणे. मज्जाव – बंदी. कलाटणी – अकस्मात बदललेली दिशा.

अभ्यास

१. जपानी शेतकरी घरात मांजराचे चित्र का लावीत?
२. ‘इतरांना नावे ठेवण्यात ते मुळीच कमी पडत नाही’ या वाक्यातील गंमत स्पष्ट करा.
३. कुनियोशी यांनी नटांऐवजी मांजरे का काढली? ‘दुबळ्याच्या हाती कधी कधी तेवढेच एक शस्त्र असते’ याचा अर्थ सांगा.
४. डोरेमॉनच्या साधनांनी नोबिताचे भले का होत नाही? तुमच्या शब्दांत लिहा.
५. योहेईच्या कुटुंबापुढे कोणता पेच होता? त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?
६. पाठात आलेले ध्वनिदर्शक शब्द शोधा व प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.
७. मांजरासंबंधीच्या म्हणी व वाक्प्रचार घरातील वडील माणसांना विचारून लिहून काढा. त्यांपैकी एकीवर चार चौकटींची, एकही शब्द नसलेली चित्रकथा काढा.